तुरतुरीच्या घराचं दार

बसलात का सगळे? मांडी घाला. कोपर कुणाला लावायचं नाही. हं, आता ऐका.

एक होतं तळं. तळ्याकाठी होतं एक बीळ. बिळात राहायची एक खेकडी. केवढी? तुमच्या अंगठ्याएवढी. तिचं नाव तुरतुरी. ती सरळ कधी चालायचीच नाही. चालायची ती अशी, तिरकी तिरकी, तुरतुर तुरतुर.

तुरतुरीच्या घराला दार होतं. दार म्हणजे एक शिंपला. पांढरा, गोल, आतून चकचकीत. संध्याकाळ झाली की आई शिंपला ओढून घ्यायची. कट्ट. दार बंद. मग आई निजायची. आईच्या कुशीत तुरतुरी निजायची.

बाहेर बगळा यायचा. एका पायावर उभा राहायचा. लांब मान वाकवायचा आणि विचारायचा,

"दार आहे का घराला?"

आतून आई म्हणायची, "आहे. बंद आहे."

"बरं," म्हणायचा बगळा आणि निघून जायचा. दार असलेल्या घरात बगळ्याची चोच जात नाही. हे बगळ्याला ठाऊक होतं. आईलाही ठाऊक होतं.

एके दिवशी सकाळी काय झालं? दाराला चिखल लागला होता. तुरतुरी म्हणाली, "आई, मी दार धुऊन आणते."

आई म्हणाली, "आण. काठावरच धू हं."

तुरतुरीनं शिंपला ओढत नेला. सर्र सर्र. पाण्यात बुडवला. बुळुक बुळुक. घास घास घासला. खसखस खसखस. आणि शिंपला सटकला.

डुबुक.

गेला तळाशी. तुरतुरीनं वाकून पाहिलं. काय दिसलं? काहीच नाही. नुसतं हिरवं. तळ्यावर हिरवी साय धरली होती. दुधावर धरते तशी, पण जाड, आणि घाण वासाची. तुरतुरीनं नाक धरलं. आता खेकडीला नाक कुठे असतं, असं विचारू नका. तिनं धरलं.

मग तिनं पाण्यात उडी मारली. आत अंधार. तोंडात हिरवं. डोळ्यांत हिरवं. श्वासच कोंडला. धडपड धडपड करत ती वर आली. छोट्या छोट्या मासोळ्याही वर आल्या होत्या. तोंडं बाहेर काढून करत होत्या, आ... आ... आ...

"खाली हवाच उरली नाही गं," एक मासोळी म्हणाली.

तुरतुरी घरी गेली. हळूहळू गेली. आई रागावली का? नाही रागावली. आईनं तिला जवळ घेतलं.

"असू दे," आई म्हणाली. "आता मीच दार होते."

आई बिळाच्या तोंडाशी बसली. दोन्ही नांग्या पसरल्या. अशा. बीळ बंद.

"पण आई, मग तू निजणार कशी?"

"दार कुठे निजतं का?" आई म्हणाली.

तुरतुरीला रडू आलं. खूप रडू आलं. मग तिनं डोळे पुसले. आधी एक, मग दुसरा. खेकडीचे डोळे काड्यांवर असतात, पुसायला वेळ लागतो. डोळे पुसून झाले आणि ती निघाली.

तिरकी तिरकी, तुरतुर तुरतुर.

आली सायीपाशी. साय कशी होती? लठ्ठ लठ्ठ. तळ्यावर पसरून पडली होती. तुरतुरी म्हणाली,

"सायबाई सायबाई, बाजूला हट.
शिंपला दिसेना,
आई निजेना."

साय हलली नाही. पडल्या पडल्याच म्हणाली, "मी नाही हटत जा. ओढा मला रोज भरवतो. गोड गोड भरवतो. तो भरवतो, मी खाते. मी खाते, मी पसरते. ओढ्याला सांग, भरवू नकोस. मग बघू."

तुरतुरी निघाली ओढ्याकडे.

तिरकी तिरकी, तुरतुर तुरतुर.

ओढा तळ्याच्या वरच्या अंगाला होता. खळखळ बोलायचा, एकदा सुरू झाला की थांबायचा नाही. तुरतुरी म्हणाली,

"ओढोबा ओढोबा, निवळ पाणी आण.
साय हटेना,
शिंपला दिसेना,
आई निजेना."

ओढा म्हणाला, "खळखळ, मी नाही निवळत जा. मी आपला वाहणारा. जे पडेल ते नेणारा. चर माझ्यात रोज ओततो. तो ओततो, मी नेतो. खळखळ. चराला सांग, ओतू नकोस. मग बघू."

चर म्हणजे काय? शेताच्या कडेनं खणलेली लांब लांब खाच. शेतातलं जास्तीचं पाणी तिच्यातून बाहेर जातं. तुरतुरी निघाली चराकडे.

तिरकी तिरकी, तुरतुर तुरतुर.

चरात उतरली आणि पाय भरले. चिकट चिकट. तुरतुरी म्हणाली,

"चरदादा चरदादा, ओतायचं थांब.
ओढा निवळेना,
साय हटेना,
शिंपला दिसेना,
आई निजेना."

चर म्हणाला, "मी नाही थांबत जा. शेतात वांगी आहेत. ती ताटात उष्टं टाकतात. शेतातलं पाणी ते उष्टं माझ्याकडे आणतं. मी कुठे ठेवू? देतो ओढ्यात लोटून. वांग्यांना सांग, ताट संपवा. मग बघू."

वांगी उष्टं टाकतात? हो. वांग्यांचंही ताट असतं. झाडाच्या बुंध्याशी माती असते ना, तेच त्यांचं ताट. तिथे त्यांना खत वाढतात. खत म्हणजे झाडांचा खाऊ. पांढरे पांढरे दाणे, साबुदाण्यासारखे. तुम्ही खायचे नाहीत हं, ते झाडांचे.

तिरकी तिरकी, तुरतुर तुरतुर.

तुरतुरी शेतात आली. समोरच एक वांग्याचं झाड होतं. पानं जाड, पोट तट्ट. धापा टाकत होतं. हुश्श. हुश्श. तुरतुरी म्हणाली,

"वांगेभाऊ वांगेभाऊ, ताट संपवून टाक.
चर थांबेना,
ओढा निवळेना,
साय हटेना,
शिंपला दिसेना,
आई निजेना."

वांगेभाऊ म्हणाला, "हुश्श. मी नाही संपवत जा. संपवू कसं? पोटात जागा नाही. कालचं संपलं नाही, तोवर आज घमेलं येतं. भरून येतं. मला उठून पळतासुद्धा येत नाही. हुश्श. घमेल्याला सांग, माघारी वळ. मग बघू."

बिच्चारा वांगेभाऊ. तुरतुरीनं त्याच्या बुंध्याला हळूच टेकून घेतलं. मग निघाली.

तिरकी तिरकी, तुरतुर तुरतुर.

शेताच्या कोपऱ्यात एक खोप होती. गवतानं शाकारलेली. खोपीबाहेर लोखंडी घमेलं पडलं होतं. ठण ठण बोलायचं. तुरतुरी म्हणाली,

"घमेलेबुवा घमेलेबुवा, माघारी वळा.
ताट संपेना,
चर थांबेना,
ओढा निवळेना,
साय हटेना,
शिंपला दिसेना,
आई निजेना."

घमेलं म्हणालं, "ठण. मी नाही वळत जा. गोणी मला भरते. काठोकाठ भरते. भरल्या घमेल्यानं तसंच कसं फिरायचं? लोक हसतील. ठण. गोणीला सांग, तोंड मिट. मग बघू."

गोणी खोपीतच होती. दारातून दिसत होती. पण तुरतुरीला तेवढंही लांब वाटलं. सकाळपासून चालत होती. पाय दुखत होते. किती पाय? मोजा बघू. आठ. आठही दुखत होते. तरी ती निघाली.

तिरकी तिरकी, तुर... तुर...

गोणी भिंतीला टेकून बसली होती. गोल, गुबगुबीत, तोंड उघडं. तुरतुरी म्हणाली,

"गोणीमावशी गोणीमावशी, तोंड मिटून घे.
घमेलं वळेना,
ताट संपेना,
चर थांबेना,
ओढा निवळेना,
साय हटेना,
शिंपला दिसेना,
आई निजेना."

गोणी म्हणाली, "मी नाही मिटत जा. माझी दोरी सगुणाकाकीच्या हातात. ती रोज सोडते, मी रोज आ करते. सगुणाकाकीला सांग, जास्त वाढू नकोस. मग बघू."

आता सगुणाकाकी कोण? शेत तिचं. वांगी तिची. गोणी तिची, घमेलंही तिचंच. आणि मन केवढं? एवढं मोठ्ठं. काकीच्या घरी कुणी गेलं की उपाशी परतायचं नाही. एक भाकरी मागितली की दोन. दोन मागितल्या की चार. पोस्टमन पत्र द्यायला आला की भाकरी खाऊन जायचा. डॉक्टर सुई द्यायला आले की भाकरी खाऊन जायचे. पत्ता चुकून आलेला माणूससुद्धा भाकरी खाऊन जायचा, आणि पत्ता विचारायचं विसरायचा.

काकी खोपीमागे चिंचेखाली बसली होती. दुपार झाली होती. केरूकाका जेवत होते. केरूकाका म्हणजे काकीचे नवरोबा. काकी वाढत होती.

"घ्या की अजून थोडी आमटी."

"पुरे."

"अर्धी पळी."

"पुरे गं."

"माझ्यासाठी घ्या."

केरूकाकांनी काय केलं? दोन्ही हात ताटावर आडवे धरले. असे. ताट झाकून टाकलं. काकीची पळी वरच्या वर थांबली. एक थेंब पडला नाही.

"बरं राहिलं," काकी म्हणाली.

तुरतुरी बघत होती. दोन्ही डोळे काड्यांवर उंच करून बघत होती. मग ती पुढे गेली.

तिरकी तिरकी, तुर... तुर...

"अगं बाई," काकी म्हणाली. "कोण गं तू एवढीशी? दमलीस व्हय? घे, भाकरी खा."

काकीनं भाकरीचा कण टाकला. तुरतुरीनं खाल्ला. काकीनं दुसरा टाकला. तुरतुरीनं खाल्ला. काकीनं तिसरा टाकला. चौथा हातात तयारच होता. तुरतुरी भरल्या तोंडानं म्हणाली,

"काकी काकी, जास्त वाढू नको.
गोणी मिटेना,
घमेलं वळेना,
ताट संपेना,
चर थांबेना,
ओढा निवळेना,
साय हटेना,
शिंपला दिसेना,
आई निजेना."

काकीनं सगळं ऐकून घेतलं. मग पदर खोचला.

"हे बघ बाळ," काकी म्हणाली. "तुझी आई निजत न्हाई, हे काय बरं न्हाई. पण वाढायचं कसं थांबवू? माझी वांगी म्हंजी माझी लेकरं. रोज एकेकाला दोन मुठी. एक मूठ भुकेची, एक मूठ मायेची. मायेची मूठ न्हाई टाकली तर मलाच घास उतरत न्हाई."

"पण काकी, त्यांचं पोट भरलंय."

"पोट भरलं की माणूस ताटावर हात आडवा धरतो. आत्ता तुझ्या काकांनी धरला, बघितलास न्हवं? माझ्या वांग्यांनी धरला का कधी हात? एकदा तरी? न्हाई. म्हंजी भूक हाय. मी वाढणार."

तुरतुरीनं विचारलं, "आणि हात आडवा आला तर?"

"तर थांबणार," काकी म्हणाली. "ताटावर हात आला की वाढायचं न्हाई. ही आमच्या घरची रीत हाय. मी मोडायची न्हाई."

केरूकाका हात धुता धुता म्हणाले, "आता वांग्याला हात कुठनं यायचा गं सगुणे?"

काकी हसली. उठली. गोणीची दोरी सोडली. घमेलं भरलं. ठण. कमरेवर घेतलं आणि चालली शेतात.

तुरतुरी तिथेच बसून राहिली. आता कुणाला सांगायचं? सायीला सांगून झालं. ओढ्याला सांगून झालं. चराला, वांग्याला, घमेल्याला, गोणीला, काकीला. पुढे कुणीच नव्हतं. वांग्याला हात नाहीत. मग हात आहेत कुणाला?

तुरतुरीनं खाली पाहिलं. एक नांगी. दुसरी नांगी.

आणि पळाली. दुखरे पाय विसरली आणि पळाली.

तिरकी तिरकी तुरतुर, तिरकी तिरकी तुरतुर.

काकी पहिल्या वांग्यापाशी पोचली होती. तो आपला वांगेभाऊच. हुश्श. हुश्श. काकीनं घमेल्यात हात घातला. एक मूठ टाकली.

"ही भुकेची," काकी म्हणाली.

पुन्हा हात घातला. दुसरी मूठ भरली. मूठ वर उचलली.

"आणि ही..."

तेवढ्यात तुरतुरी बुंध्याशी पोचली. ताटावर चढली. हळूच म्हणाली,

"नांग्यांनो नांग्यांनो, आडव्या व्हा.
काकी ऐकेना,
गोणी मिटेना,
घमेलं वळेना,
ताट संपेना,
चर थांबेना,
ओढा निवळेना,
साय हटेना,
शिंपला दिसेना,
आई निजेना."

आणि तिनं दोन्ही नांग्या पसरल्या. अशा. घरी आईनं पसरल्या होत्या ना, अगदी तशा.

"पुरे, काकी," तुरतुरी म्हणाली.

वर काकीची मूठ होती. केवढी मोठी. मुठीतून एक पांढरा दाणा निसटला. टप्प. तुरतुरीच्या पाठीवर पडला. पाठ चुरचुरली. पळावंसं वाटलं. पण तुरतुरी हलली नाही. दार कुठे हलतं का?

काकीची मूठ वरच्या वर थांबली.

काकी खाली बसली. घमेलं बाजूला ठेवलं. तुरतुरीकडे पाहिलं. मग मातीकडे पाहिलं. इतक्या दिवसांत काकीनं मूठ पाहिली होती, माती पाहिलीच नव्हती. मातीत कालचे दाणे होते. परवाचेही होते.

"हे तर सगळं तसंच पडलंय," काकी म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला. "उष्टं पडलंय गं. आणि मी आपली वाढतेच हाय, वाढतेच हाय. माझ्या लेकरांना पुरे म्हणायला हात न्हवता, आणि मला कळलं न्हाई."

काकीनं मूठ घमेल्यात सोडली. हात रिकामा झाला. तो रिकामा हात तिनं वांगेभाऊच्या पानावरून फिरवला. हळू, वरून खाली.

"ही मायेची," काकी म्हणाली.

वांगेभाऊनं ढेकर दिली. ढर्रर्र. किती दिवसांची अडकली होती.

काकीनं खोपीकडे हाक मारली, "अहो, गोणीचं तोंड बांधा."

मग काय झालं?

काकीनं ऐकलं.
गोणी मिटली. केरूकाकांनी तिला दोन गाठी मारल्या.
घमेलं वळलं. ठण ठण करत खोपीत गेलं. लोक हसले का? कुणीच नाही हसलं.

आता ताट. वांगेभाऊ जेवायला बसला. घास घास खाल्लं. कालचं खाल्लं, परवाचं खाल्लं. घाई नाही केली. एक दिवस गेला.

संध्याकाळी बगळा आला. एका पायावर उभा राहिला.

"दार आहे का घराला?"

"आहे," आई म्हणाली. "मीच आहे."

"बरं," बगळा म्हणाला. पण लगेच गेला नाही. थोडा वेळ उभा राहिला.

दुसरा दिवस गेला.
ताट संपलं.
चर थांबला. त्याच्याकडे उष्टं आलंच नाही.

संध्याकाळी बगळा आला.

"दार आहे का घराला?"

"आहे. मीच आहे," आई म्हणाली. तिला मोठी जांभई आली.

तिसरा दिवस गेला.
ओढा निवळला. खळखळ. त्याच्या तळाचे गोटे दिसू लागले. ओढ्याला स्वतःचे गोटे पाहून फार आनंद झाला. दिवसभर तेच सांगत बसला.

साय वाट पाहत होती. "भरव ना रे, ओढ्या."

"काय भरवू? खळखळ. माझ्याकडे नुसतं पाणी आहे."

साय रुसली. साय वाळली. लठ्ठ होती, ती पातळ झाली.

संध्याकाळी बगळा आला.

"दार आहे का घराला?"

आई बोलली नाही. आईचा एक डोळा मिटला होता. दुसराही मिटत आला होता. एक नांगी खाली आली. हळूहळू, खाली, खाली. बगळ्यानं मान वाकवली. चोच पुढे केली. पुढे. आणखी पुढे.

तेवढ्यात आईच्या नांगीखाली काय आलं? तुरतुरी आली. तिनं आपली एवढीशी पाठ नांगीखाली लावली आणि जोर केला. नांगी पुन्हा वर गेली.

"आहे," तुरतुरी म्हणाली. "आम्ही दोघी आहोत."

बगळ्यानं चोच मागे घेतली. "बरं, बरं," म्हणाला. "विचारलं आपलं."

चौथा दिवस उजाडला. वारा सुटला. भुर्र भुर्र. पातळ झालेली साय काठापाशी फाटली. टर्रर्र. पडलं एक भोक. भोकातून ऊन आत उतरलं. खाली, खाली, अगदी तळापर्यंत. आणि तळाशी काहीतरी चमकलं.

पांढरं. गोल. चकचकीत.

साय हटली.
शिंपला दिसला.

अख्खं तळं निवळायला पुढे पुष्कळ दिवस लागले. एवढी साय एका दिवसात जाते होय? पण तुरतुरीला तेवढं भोक पुरे होतं. तिनं उडी मारली. डुबुक. आत उजेड होता. आत हवा होती. एक मासोळी खाली पोहत होती. ती आता आ... आ... करत नव्हती. तिनं शिंपल्याला शेपटीनं ढकललं. तुरतुरीनं ओढलं. एक ढकलायची, एक ओढायची. आला शिंपला काठावर.

सर्र सर्र. सर्र सर्र. आला शिंपला घरी.

"आई," तुरतुरी म्हणाली. "बाजूला हो. दार आलं."

आईनं नांग्या खाली घेतल्या. आधी एक, मग दुसरी. तिनं शिंपल्याला हात लावून पाहिला. मग तुरतुरीला हात लावून पाहिला. तुरतुरीलाच जास्त वेळ. संध्याकाळ होत आली होती. दोघी आत गेल्या. शिंपला ओढून घेतला.

कट्ट.

तिकडे शेतात काकी रोज वांग्यांपाशी जाते. खाली बसते. आधी माती बघते. ताट संपलेलं असलं तर थोडं वाढते. उष्टं पडलेलं असलं तर नुसता हात फिरवते. वांगी कशी आली म्हणाल? जांभळी, चकचकीत, हलकी. केरूकाकांना भरलं वांगं वाढलं तेव्हा काका म्हणाले, "पुरे." काकी म्हणाली, "अर्धं." काकांनी ताटावर हात धरला. काकी थांबली. मग तिनं काकांच्या डोक्यावरून एकदा हात फिरवला. काका लाजले.

आणि शिंपला घरी आला, त्या संध्याकाळी बगळा आला. एका पायावर उभा राहिला. लांब मान वाकवली.

"दार आहे का घराला?"

उत्तर आलं नाही.

बगळ्यानं शिंपल्यावर चोच आपटली. टक. टक. दार घट्ट होतं.

बगळ्यानं दाराला कान लावला. आतून आवाज येत होता. एक मोठा, घुर्र... घुर्र... आणि एक अगदी बारका, घुर्र... घुर्र...

"बरं," बगळा म्हणाला. अगदी हळू म्हणाला. मग त्यानं दुसरा पायही हलकेच खाली टेकवला आणि आवाज न करता निघून गेला.